मिस्ड कॉल आला म्हणजे सगळं ठीक? एका हास्यक्लबची सव्वा वर्षाची हजेरी

हे प्रकरण पुण्यातल्या कोथरूड भागातल्या एका हास्यक्लबचं आहे. काळ मार्च २०२० ते जून २०२१. मी त्या क्लबची सभासद. बँकेतून निवृत्त झालेली, म्हणून हजेरीची वही आपोआप माझ्या गळ्यात पडली. पुढचं बरंचसं त्या वहीच्या आधाराने लिहिलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं घातलेली नाहीत. काही ठिकाणी वय आणि व्यवसायही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आमचा क्लब रोज सकाळी साडेसहाला बागेत भरायचा. पटावर ६४ जण, प्रत्यक्षात चाळीसेक यायचे. सगळ्यात धाकटी ५८ वर्षांची, सगळ्यात थोरले ८८ वर्षांचे. टाळ्या, हात वर, दीर्घ श्वसन, मग 'हो हो, हा हा हा', दर गुरुवारी एकाचा विनोद, वाढदिवस असला तर राजगिऱ्याची वडी. बाहेरून बघणाऱ्याला हा वेड्यांचा बाजार वाटतो आणि तो तसा आहेही.

पण खरा क्लब सव्वासातनंतर, कट्ट्यावर. कोणाचा मोतीबिंदू पिकला, कोणाच्या मुलाने अमेरिकेत घर घेतलं, कोणाला पोळ्यांना बाई मिळत नाही, हे सगळं तिथे. कोण आलं नाही हे कोणी मोजत नसे, पण कळायचं. दोन दिवस कट्ट्यावरची एखादी जागा रिकामी दिसली की तिसऱ्या दिवशी कोणीतरी चहाच्या निमित्ताने त्या घराचा जिना चढायचं. यासाठी कधी समिती नेमावी लागली नव्हती.

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. थोड्याच दिवसांत बागेला कुलूप लागलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी, आणि त्या दिवशी गुढीपाडवा. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सर्वांत जास्त चर्चा साखरेची गाठी मिळाली नाही याची होती. एकवीस दिवस म्हणजे काय, हे तेव्हा कोणाच्याच पूर्ण लक्षात आलं नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या आठवड्यात आम्ही यादी काढली. ६४ पैकी ४१ जण व्हॉट्सॲपवर होते. १४ जणांकडे बटणांचे साधे फोन, ९ जणांकडे फक्त लँडलाइन. एकटे राहणारे ११, आणि त्यातले ७ व्हॉट्सॲप नसलेल्यांपैकी. म्हणजे ज्यांची विचारपूस सगळ्यात आधी व्हायला हवी, नेमकं त्यांच्यापर्यंत पोचायचं साधन सगळ्यात जुनं.

६५ वर्षांवरच्यांनी घरीच थांबावं अशी सरकारी सूचना होती. त्या नियमाने आमचा जवळजवळ सगळा क्लबच घरात बसला. घरकामाच्या मावशींना सोसायट्या आत सोडत नव्हत्या. पोळीभाजी केंद्रं बंद पडली. पुण्याबाहेरच्या वाचकाला कदाचित जाणवणार नाही, पण इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं निम्मं जेवण पोळीभाजी केंद्रावर चालतं. दोन पोळ्या, एक पालेभाजी, वाटीभर आमटी, आणि काउंटरवरच्या बाईशी दोन वाक्यं. ती दोन वाक्यंही गेली.

जाता जाता एक. त्या दिवसांत जिकडेतिकडे 'सामाजिक अंतर' लिहिलेलं असायचं. हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याचा अर्थ चांगला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणणं पसंत केलं होतं. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एका सभासदाने सामाजिक शब्द खोडून शारीरिक लिहिलं आहे. व्याकरणाचे मास्तर होते ते, त्यांना राहवलं नाही.

समोर असलेले पर्याय

एक, झूम. दोघातिघांची मुलं परदेशात असल्याने त्यांना ते येत होतं. आम्ही दोनदा करून पाहिलं. पहिल्या दिवशी अकरा जण जमले, त्यात चार कपाळं, दोन पंखे आणि एक देव्हारा. फुकटच्या मीटिंगची चाळीस मिनिटं 'ऐकू येतंय का'मध्येच संपत आली. मोठी अडचण वेगळीच निघाली. झूमवर एकत्र हसता येत नाही. एक आवाज वर आला की यंत्र बाकीचे दाबतं, त्यात आवाज मागेपुढे पोचतो. तुमचं हसू दुसऱ्याकडे पोचेपर्यंत तो थांबलेला असतो. एकट्याने खोलीत 'हा हा हा' करणं फार केविलवाणं वाटतं. आमच्या एका काकू दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "सून दारातून डोकावून गेली. मी बंद केलं."

दोन, आहे तो व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे काढ्यांच्या कृती, अफवा, सुविचार आणि रामायण पुन्हा लागलं त्याच्या चर्चा. ४१ जणांसाठी तो विरंगुळा होता, उरलेल्या २३ जणांना त्याचा पत्ताही नव्हता.

तीन, पोलिसांची ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी आणि स्वयंसेवी संस्था. औषधं, किराणा यासाठी त्यांचा उपयोग झाला. पण मदतवाहिनीला फोन करायला आधी 'मला मदत लागते' असं कबूल करावं लागतं. आमच्या पिढीला हे वाक्य जड जातं.

चार, आपणच फोन करायचे. हाच पर्याय घेतला.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

वयाने लहान अशा सहा जणांनी प्रत्येकी दहाएक घरं वाटून घेतली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून रोज फोन. दोन आठवड्यांत सहाही जण थकले. 'कसे आहात' विचारायला दोन मिनिटं लागतात, पण ज्याला दिवसभरात दुसरा फोन नाही तो दोन मिनिटांत कसा ठेवेल? एकेक फोन पंचवीस मिनिटांचा व्हायचा. एकाने सांगितलं, "ताई, माझं जेवण रोज गार होतंय."

तिकडे ज्यांना फोन जात होते तेही खूश नव्हते. ८४ वर्षांच्या एका आजोबांनी मला सरळ विचारलं, "मी पेशंट आहे का? रोज काय चौकशी?" कट्ट्यावर ते इतरांची चेष्टा करायचे, आता त्यांना फक्त उत्तरं द्यायची होती. हे तेव्हा आम्हाला नीट कळलं नाही. म्हातारा माणूस, चिडचिड करणारच, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

दुसरा निर्णय: मिस्ड कॉलची हजेरी

एप्रिलच्या मध्यावर निवृत्त पोस्टमास्तर काकांनी तोडगा काढला. प्रत्येकाने सकाळी सात ते आठमध्ये ठरलेल्या माणसाला एक मिस्ड कॉल द्यायचा. पैसे नाहीत, बोलणं नाही. आठपर्यंत आला नाही तर समोरच्याने फोन करायचा. दोनदा फोन उचलला गेला नाही तर शेजाऱ्याला किंवा सोसायटीच्या वॉचमनला. यासाठी प्रत्येकाकडून शेजारच्या एकाचा नंबर घेतला आणि शक्य तिथे दुसरी किल्ली कोणाकडे आहे तेही लिहून घेतलं. हे किल्लीचं काम सगळ्यात अवघड गेलं. चाळीस वर्षं समोरासमोर राहणाऱ्या माणसांकडेही एकमेकांच्या किल्ल्या नव्हत्या.

मिस्ड कॉलला लगेच नाव पडलं, हयातीचा दाखला. पेन्शनरांना तो दर नोव्हेंबरला बँकेत द्यावा लागतो, इथे रोजचा रोज. मी वहीत प्रत्येक नावापुढे टिक करायचे. आठ दिवसांत सगळं असं रुळलं की सव्वाआठला माझी वही बंद व्हायची.

दोनदा पद्धत कामाला आली. एका आजी न्हाणीघरात घसरल्या होत्या, शेजाऱ्यांनी पावणेनऊला दार उघडलं. दुसऱ्यांदा, जुलैतल्या दहा दिवसांच्या टाळेबंदीत, पावसाने एक लँडलाइन बंद पडली आणि आम्ही वॉचमनला पळवलं. आजी दारात आल्या त्या चिडूनच, "जिवंत आहे मी, भाजी करपली माझी."

मिस्ड कॉल चुकला नाही, तरीही

यातली मुख्य गोष्ट मात्र मेमधली. ८१ वर्षांचे एक काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, पत्नी गेल्यापासून एकटे. त्यांचा मिस्ड कॉल बरोबर सात वाजून पाच मिनिटांनी यायचा. वहीत त्यांच्या ओळीत एकही फुली नाही. आठवड्यातून एकदा पोस्टमास्तर काका फोन करायचे, तेव्हा उत्तर ठरलेलं: "मजेत."

त्याच सुमारास आमच्या एक सभासद, ज्या पूर्वी ब्लाउज शिवून द्यायच्या, घरी कापडी मास्क शिवत होत्या. तीन पदरी, मध्ये घड्या. माप बसेना. त्यांना आठवलं की ड्राफ्ट्समन काकांना कागदावर कापणी काढता येईल. म्हणून त्यांनी फोन लावला. विचारपूस करायला नाही, काम होतं म्हणून.

त्यांनी नंतर मला जसं सांगितलं तसं लिहिते.

"काका, नऊ बाय सातचा तुकडा घेतला, तीन घड्या घातल्या, तर नाकाशी किती शिवू?"

बराच वेळ आवाज नाही. मग, "उद्या सांगतो. आज उभं राहिलं की अंधारी येतेय."

"जेवलात का?"

"हो, दूधपोहे."

"काल?"

"दूधपोहेच."

अकरा दिवस दूधपोहे. केंद्र बंद झाल्यावर त्यांनी आधी खिचडी करून पाहिली, कुकरची शिट्टी बिघडली, दुकान बंद, मग दूधपोहे. मधुमेहाची गोळी मात्र ते नेमाने घेत होते, जेवण असो नसो. डॉक्टरांनी फोनवरच ओळखलं की पोटात पुरेसं नसताना गोळी घेतल्याने साखर उतरते आहे. गोळीचं प्रमाण बदललं. खालच्या मजल्यावरच्या घरातून दोन्ही वेळचा डबा सुरू झाला. आठवड्यात ते सावरले.

त्या रात्री मी वही उघडून बसले. अकराच्या अकरा दिवस माझ्या हाताच्या टिका होत्या. माणूस आहे एवढंच त्या सांगत होत्या. तो कसा आहे हे विचारायची आम्हाला सवड राहिली नव्हती, कारण टिक झाली की आपलं काम झालं असं वाटू लागलं होतं. पद्धत चोख होती म्हणूनच आम्ही गाफील राहिलो.

तिसरा निर्णय: जोड्या, आणि प्रत्येकाला काम

मेच्या अखेरीस सहा-सात जणांनी कॉन्फरन्स कॉलवर तासभर वाद घातला. पोस्टमास्तर काकांचं म्हणणं, मिस्ड कॉल ठेवा, आठवड्याचा फोन रोजचा करा. शिवणाऱ्या ताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "मी त्यांची चौकशी केली असती तर ते मजेतच म्हणाले असते. मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं म्हणून ते बोलले."

हे पटायला आम्हाला वेळ लागला. शेवटी असं ठरलं: फोन करणारे आणि फोन घेणारे असे दोन गट ठेवायचे नाहीत. ६४ जणांच्या ३२ जोड्या. शक्यतो एक व्हॉट्सॲपवाला, एक नसलेला. दोघांनी एकमेकांना आलटून पालटून फोन करायचा. 'कसे आहात' विचारायचं नाही, 'काल रात्री काय जेवलात' विचारायचं. आणि प्रत्येकाकडे एखादं काम, जे दुसऱ्याला लागतं.

कामं फार थोर नव्हती. व्याकरण मास्तरांकडे रोजचं शब्दकोडं, ते फोनवर पुरं करायचं. चिडक्या आजोबांकडे गुरुवारचा विनोद, जो सगळ्या जोड्यांमधून कानोकानी फिरून संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे परत यायचा, बहुतेक वेळा पार बिघडून. ते बिघडलेलं रूप ऐकण्यातच त्यांना जास्त मजा येऊ लागली. पुन्हा कोणी पेशंट म्हणाल्याचं ऐकलं नाही. ड्राफ्ट्समन काकांनी मास्कची कापणी वर्तमानपत्रावर काढून खाली डबेवाल्या घरी दिली, तिथून ती ताईंकडे गेली. गणपतीपर्यंत दीडशेच्या वर मास्क झाले, ते आमच्या भागात झाडलोट करणाऱ्यांना आणि वॉचमनना दिले.

हसण्याचा प्रश्नही इथेच सुटला. साध्या बटणांच्या फोनवरही पाचेक जणांचा कॉन्फरन्स कॉल लागतो. पाच जणांत हसू अडखळत नाही. दोन-दोन जोड्या आणि एक प्रमुख, सकाळी आठ मिनिटं. चित्र नाही म्हणून कोणाला लाजही वाटत नाही.

दुसरी लाट

दिवाळीच्या सुमारास बाग पुन्हा उघडली आणि पंधरा-वीस जण मास्क लावून जाऊ लागले. इथे आमची मोठी चूक झाली. कोणीही न ठरवता जोड्या सुटल्या. बागेत जाणाऱ्यांना वाटलं, आता भेटतोच की. जे जाऊ शकत नव्हते त्यांचे फोन नोव्हेंबरमध्ये आठवड्यावर आले आणि जानेवारीत थांबले. मी वही कपाटात ठेवली.

१ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हा नोंदणीसाठी ओटीपी सांगायला जुन्या जोड्यांतले काही फोन परत वाजले. मग एप्रिल. १४ एप्रिलला राज्यात पुन्हा निर्बंध आले आणि ग्रुप सकाळी उघडायची भीती वाटू लागली. एका सकाळी तीन 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग, आणि त्या रांगेत मध्येच एकाचा 'शुभ सकाळ'चा गुलाब. आमच्या क्लबमधले चार जण त्या दोन महिन्यांत गेले.

इथला निर्णय अजूनही मला पूर्ण पटलेला नाही, पण आम्ही तो घेतला. निधनाची बातमी ग्रुपवर आधी टाकायची नाही. ज्याची जोडी तुटली त्याला आधी कोणीतरी फोन करायचा, मग जवळच्यांना, आणि ग्रुपवर दुपारनंतर एकच ओळ. खाली कोणी चित्रं टाकायची नाहीत. काहींना हे लपवाछपवीचं वाटलं. एक सभासद ग्रुप सोडून गेले, त्यांचा जिवलग मित्र गेल्याचं त्यांना चार तास उशिरा कळलं होतं. अंत्ययात्रेला वीसच माणसांना परवानगी होती, त्यामुळे लवकर कळूनही ते जाऊ शकले नसते, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांचा राग रास्त होता.

निष्पत्ती

जून २०२१ पर्यंत ३२ पैकी १७ जोड्या पुन्हा नियमित बोलू लागल्या होत्या. एकटे राहणारे अकराही जण सुखरूप होते. याचं श्रेय आमच्या वहीला देणं बरोबर नाही, लस, डॉक्टर आणि नशीब यांचा वाटा मोठा. किल्ल्यांची यादी मात्र ठोस फायदा ठरली, ती आजही आहे. झूमवर कोणी परत गेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जोड्या बंद करायची तारीख ठरवायला हवी होती. सुरू करताना आम्ही तीनदा बैठका घेतल्या, बंद होताना एकदाही नाही. नोव्हेंबरमध्ये फक्त एवढं विचारलं असतं की बागेत कोण येऊ शकत नाही, तर ती चाळीसेक नावं वेगळी काढता आली असती.

टिक करण्याच्या वहीत दुसरा रकाना पहिल्यापासून हवा होता: काल काय खाल्लं. आम्ही तो जूनमध्ये आखला.

पण सगळ्यात मोठी चूक यादीच्या पहिल्या दिवशीच झाली होती आणि ती आम्हाला वर्षभर दिसली नाही. 'एकटे' आणि 'घरचे आहेत' असे दोन भाग आम्ही पाडले आणि सगळं लक्ष पहिल्या भागाकडे दिलं. दुसऱ्या भागात ६९ वर्षांच्या एक काकू होत्या. दोन खोल्यांत सहा माणसं. मुलगा आणि सून लॅपटॉपवर, दोन नातवंडांची शाळा मोबाइलवर, नवरा टीव्हीसमोर. कामवाली बंद, त्यामुळे तीन वेळचा सहा जणांचा स्वयंपाक आणि भांडी त्यांच्याकडे. स्वतःचा फोन नाही, जोडीदारणीचा फोन मुलाच्या मोबाइलवर यायचा, तो नातवाच्या तासाच्या मध्ये वाजायचा आणि स्पीकरवर लागायचा. वही चालू होती तोवर त्यांच्यापुढे 'ठीक'च लिहिलेलं आहे.

२०२१च्या पावसाळ्यात त्या बागेत परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही विचारायचात तेव्हा सगळे ऐकत असायचे. काय सांगणार होते मी?" बागेतला सकाळचा तो तास हीच त्यांची स्वतःची एकमेव वेळ होती आणि टाळेबंदीत ती सगळ्यात आधी गेली, हे आमच्यातल्या एकाही बाईच्या लक्षात येऊ नये याचं मला अजून नवल वाटतं. आम्हा बहुतेकींची घरंही तशीच होती.

आता त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, बटणांचा. त्यांची जोडीदारीण सव्वासहाला इमारतीच्या कोपऱ्यावर येऊन एकदा रिंग देते आणि कट करते. काकू चहाचं आधण तसंच गॅसवर ठेवून, ज्याला लागेल तो पावडर टाकून घेईल असं म्हणत, चपला घालून बाहेर पडतात.